साखळी माझ्यापाशी अडली

होळी होऊन गेली की आमच्याकडे राब भाजायला सुरुवात होते. भाताची रोपं जिथे टाकायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्या पसरायच्या, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. शेतकऱ्यांचं काम आहे, त्यांना बोलून उपयोग नाही. पण कर्जतच्या बाहेर, शेताच्या कडेला घर घेऊन शिवणकाम करणाऱ्या बाईचे त्या धुराने काय हाल होतात, ते मला विचारा. लग्नसराई तेव्हाच. मशीनवर गुलाबी, मोरपंखी, सोनेरी ब्लाउजांचा ढीग, आणि खिडकी उघडली की धूर आत. बंद केली तर पंख्याची हवा अंगाला भाजते. गिऱ्हाईक ब्लाउज नाकाशी नेऊन म्हणतं, ताई, ह्याला जळका वास येतोय. मग मी काय करू? उद्या नवरीने घालायचाय, धुऊन देऊ का?

आणि नेमके तेच आमचे उपवासाचे दिवस. ईस्टरच्या आधीचे चाळीस. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, थोडी आहेत. कर्जत, नेरळ, खोपोली, मोहोपाडा असे सगळीकडे विखुरलेले आम्ही. या दिवसांत दर संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थना असते. आज ह्यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. सतरंज्या उचला, खुर्च्या टेंपोत घाला, लिंबू सरबत करा. लहानपणी मला ते फार आवडायचं, कारण दुसऱ्यांच्या घरातली कपाटं बघायला मिळायची.

यंदा पुन्हा धूर सुरू झालाय. सकाळी खिडकी उघडली, तो आत आला आणि मी त्याच्यावर चिडले. मग लक्षात आलं की मी धुरावर नाही चिडलेली. मी चिडलेय ती देवावर, आणि ते ह्या वर्षीचं नाही.

माझ्या आईची आणि देवाची दोस्ती होती. दुसरा शब्द मला सापडत नाही. माझे वडील रसायनीच्या एका कारखान्यात होते, आम्ही मोहोपाड्याला कॉलनीत राहायचो. शेजारपाजारच्या बायका एकमेकींशी खिडकीतून बोलायच्या, आणि माझी आई देवाशी. ती काही डोळे मिटून, पदर घेऊन वगैरे नाही. तांदूळ निवडता निवडता. "अरं देवा, ह्या वेळचा तांदूळ बग जरा. निम्मे खडेच हाईत. दुकानदाराला जरा लाज दे." एसटी चुकली की फाट्यावर उभी राहून त्यालाच झापायची, तुला सांगितलं होतं ना थांबवून ठेव म्हणून, कुठं होतास? वडिलांशी भांडण झालं की पोळ्या लाटता लाटता देवाकडे त्यांची चुगली. वडील दारात उभे राहून ऐकायचे आणि म्हणायचे, माझीही बाजू सांगू दे की त्याला. ती म्हणायची, तुमी तुमचं सांगा, मी का मधे पडू?

मला तिची लाज वाटायची. मैत्रिणी घरी आल्या की वाटायचं, आता ही सुरू करणार. शिवाय रविवारच्या शाळेत आम्हाला प्रार्थना शिकवली होती ती अशी नव्हती. हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही अयोग्य लेकरे तुझ्या चरणी येतो. मी ती तोंडपाठ केली होती आणि छान म्हणायची. मला बक्षीससुद्धा मिळालं होतं, प्लास्टिकचा कंपास. पुढे सगळं आयुष्य मी तशीच प्रार्थना करत आले. तहसील कार्यालयात अर्ज करावा तशी. वरती मोठा मायना, मधे विनंती, खाली आपली नम्र. अर्जाचं उत्तर येईल अशी कुणाचीच अपेक्षा नसते, तशी माझीही नव्हती.

मग आई विसरायला लागली.

आधी गॅस, मग दिवस, मग माणसं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि ह्या गोळ्यांनी फारसा फरक पडणार नाही हेही सांगितलं. वडील गेलेले होते. मी तिला कर्जतला माझ्याकडे आणलं. आमचे हे खोपोलीला शिफ्ट ड्युटीला, मुलगी शिकायला पुण्याला, म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघी. एका सकाळी मी चहा नेऊन दिला तर तिने कप घेतला, माझ्याकडे पाहून गोड हसली आणि विचारलं, "बाई, तुमी कुठल्या गं?"

त्या दिवसापासून मी बाई झाले. कामाला ठेवलेली बाई. आणि देव? देव तिला जसाच्या तसा आठवत होता.

ही गोष्ट सांगताना लोक गहिवरतात. किती छान, म्हणतात, बघा हं, शेवटपर्यंत प्रभूला विसरल्या नाहीत. त्यांना काय जातंय म्हणायला. दिवसभर ज्या मशीनवर मी बसायचे त्याच्या मागच्या पलंगावर ती बसलेली असायची आणि माझ्याबद्दल त्याच्याशी बोलायची. माझ्या समोर. "देवा, ही बाई भातात मीठ घालत नाय रं." डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. "ही बाई माझी चप्पल लपवते." लपवायचेच मी, कारण ती दोनदा चालत थेट स्टेशनपर्यंत गेली होती. "हिला तिच्या घरी पाठव. माझ्या सुमीला पाठव. लई दिवस झाले, सुमी आली नाय."

सुमी म्हणजे मी. सुमन. तिची एकुलती एक.

मी सगळं करून पाहिलं. समोर बसून सांगितलं, आई, मीच सुमी. ती मला वरपासून खालपर्यंत बघायची आणि समजूत काढल्यासारखी म्हणायची, सुमी बारीक हाय गं, तू केवढी जाड. फोटो दाखवला, कॉलनीतला, दोन वेण्यांचा. तिने तो छातीशी धरला. हीच, म्हणाली, ही कुठं गेली? लहानपणीची गाणी म्हणून दाखवली. तिला गाणी येत होती, गाणारी कोण ते येत नव्हतं. एकदा तर रागाच्या भरात मी आधार कार्ड तिच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं, सांभाळून ठेव बाई, हरवेल.

रात्री ती झोपली की मी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून माझा अर्ज सादर करायचे. हे परमदयाळू पित्या. आणि आतून चरफडत असायचे. हा कसला दयाळू? ह्याचं आणि तिचं दिवसभर बोलणं चालतं. ती त्याचं ऐकते. ती हसते मधेच, मान डोलावते, बरं म्हणते. मग एकदा, फक्त एकदा ह्याने तिला सांगायला काय हरकत आहे, की अगं, ती मशीनवर बसलीय ना, तीच. दोन माणसांचा एक मित्र असतो, तो एवढं तर करतोच. निरोप पोचवतो. मला आईची आठवण परत नको होती. डॉक्टरांनी सांगितलेलं मला कळलं होतं. मला फक्त एकदा तिच्या तोंडून सुमी ऐकायचं होतं, माझ्याकडे बघून.

त्या वर्षी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी उपवासाच्या दिवसांसाठी विषय काढला, देवाशी मैत्री. मला हसावं की रडावं कळेना. रोज संध्याकाळी एकेका घरी त्यावर बोलणं. मैत्रीसाठी वेळ द्यावा लागतो. मैत्रीत विश्वास लागतो. सगळं खरं होतं आणि त्यातलं काही माझ्या उपयोगाचं नव्हतं. आमच्या रूथबाई तर त्या विषयात पारंगतच. नेरळला राहतात, रेल्वेतून निवृत्त, आवाज खणखणीत. प्रभू काल माझ्याशी बोलला, अशी त्यांची सुरुवात असते. त्याने त्यांना नेरळचा फ्लॅट कुठल्या मजल्यावर घ्यायचा तेसुद्धा सांगितलं होतं. मी एकदा विचारलं, बोलतो म्हणजे कसा हो? तर म्हणाल्या, तू शांत बसत नाहीस सुमन. पहाटे ऊठ, शांत बस, ऐक.

बसले. पहाटे उठून, चटईवर, पाठ ताठ करून बसले. जे ऐकू आलं ते असं: हूक संपलेत. मोरपंखीवालीचा गळा मागून जास्त खोल झाला. डाळ भिजत घालायची राहिली. मग धुराने ठसका लागला, आई जागी झाली आणि म्हणाली, देवा, ही बाई खोकते, हिला क्षय तर नाय ना? मी चटई गुंडाळून ठेवली ती पुन्हा काढली नाही.

आमच्या घरच्या प्रार्थनांमध्ये शेवटी साखळी असते. सगळ्यांनी गोल बसायचं, एकमेकांचे हात धरायचे, डोळे मिटायचे. एकाने प्रार्थना सुरू करायची, संपली की शेजारच्याचा हात दाबायचा. मग त्याची पाळी. ज्याला मोठ्याने प्रार्थना करायची नसेल त्याने काही न बोलता पुढच्याचा हात दाबायचा. डोळे मिटलेले, कुणी नाव घ्यायचं नाही, कुणाला लाज वाटायला नको. सोय चांगली आहे. त्या वर्षी मी ती पुरेपूर वापरली. जिथे जिथे गेले तिथे हात आला की दाबून पुढे. पाळकीणबाईंच्या लक्षात आलं, पण त्या चांगल्या आहेत, काही बोलल्या नाहीत. रूथबाई बोलल्या. सुमन, तुझ्या हातून साखळी फार जोरात पळते गं, म्हणाल्या. मी म्हटलं, तुमच्याकडे ती फार वेळ थांबते ना, म्हणून भरून काढते.

आमच्या घरची पाळी झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधीच्या आठवड्यात आली. दुपारपासून वीज नव्हती. मी ब्लाउजांचे ढीग पलंगाखाली ढकलले, सुयांचा डबा वर ठेवला, फरशीवरचे धाग्यांचे तुकडे ओल्या फडक्याने गोळा केले. आईला आंघोळ घातली, तिची पांढरी, बारीक निळ्या काठाची साडी नेसवली. तिला वाटलं लग्न आहे. कुणाचं गं, विचारत होती. मी म्हटलं, कुणाचं नाही, प्रार्थना आहे. तर तिचा चेहरा असा काही फुलला की मला पुन्हा राग आला. त्याचं नाव काढलं की फुलते, आणि मी आंघोळ घालताना मला म्हणते, नख लागतंय बाई.

लोक आले. खिडक्या उघड्याच ठेवाव्या लागल्या, त्यामुळे पलीकडच्या शेतातला धूर सगळ्यांच्या डोळ्यांत. गीत सुरू झालं तेव्हा आई सगळ्यांच्या पुढे. एक ओळ चुकली नाही तिची. पाळकसाहेब मैत्रीवर बोलले, थोडक्यात बोलले, उकाडा होता. मग साखळी. माझ्या उजवीकडे रूथबाई, डावीकडे आई, आईच्या पलीकडे पाळकीणबाई. तिकडून एकेकाची प्रार्थना होत होत रूथबाईंपाशी आली. त्यांनी कर्जत तालुक्यापासून सुरुवात करून सगळं जग गुंडाळलं आणि माझा हात दाबला.

मी नेहमीप्रमाणे आईचा हात दाबला.

आईने माझा हात दाबला.

तिला साखळी कुठे आठवत होती. कुणी आपला हात दाबला की आपण त्याचा दाबायचा, एवढं तिच्या हाताला माहीत होतं. पण नियमाने पाहिलं तर पाळी परत माझ्यावर आली होती. मी पुन्हा दाबला, जरा जोरात, आणि अंगठ्याने पाळकीणबाईंच्या दिशेला ढकलल्यासारखं केलं. तिने पुन्हा दाबला. छान, दोन्ही हातांनी. सगळे डोळे मिटून बसलेले. कुणाला कळेना साखळी कुठे अडलीय. कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी घसा साफ केला. रूथबाईंनी मला कोपर मारलं, म्हणजे त्यांना कळलं होतं. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. मी आणखी एकदा दाबला आणि आईने आणखी एकदा परत केला, आणि ह्या वेळी सोडलाच नाही.

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडलं तेव्हा हे परमदयाळू म्हणणार होते. पण निघालं ते वेगळंच.

"देवा, मला नाही जमत तुझ्याशी मैत्री. ह्या सगळ्यांना जमते, मला नाही. माझ्या घरात तुम्ही दोघं दिवसभर गप्पा मारता आणि मी मधे भांडी घासते. ती रोज तुझ्याकडे सुमी मागते. रोज. आणि सुमी तिच्यासमोर उभी आहे, तिची नखं कापतेय, तिचं अंथरूण धुतेय, आणि तू तिला सांगत नाहीस. एवढं बोलतोस तिच्याशी, मग हे एक सांगायला तुझी जीभ का अडते? एकदा सांग की ही सुमी आहे म्हणून. मला दुसरं काही नको. मित्र असा वागत नाही. माझ्या एखाद्या मैत्रिणीने असं केलं असतं ना, तर मी तिच्या दारात पाऊल टाकलं नसतं. तुझ्या दारात येते, कारण मला जायला दुसरीकडे जागा नाही. आणि मी आमेन पण म्हणणार नाही."

मी रडत होते बहुतेक. आवाजही चढला असणार, कारण बाहेर शेतात राब भाजणारा माणूस काम थांबवून आमच्याकडे बघत होता. हे मला कळलं, कारण मी डोळे उघडले होते. बाकी सगळ्यांचे मिटलेलेच होते, जास्तच घट्ट.

आई माझ्याकडे बघत होती. अगदी तोंडाकडे. मग ती हसली आणि मान वर करून, तांदूळ निवडताना बोलायची तशी, त्याच्याशी बोलली.

"अरं, ही तर सुमीवाणी भांडते." थोडा वेळ ती थांबली, तो काही म्हणत असल्यासारखी. मग म्हणाली, "बरं. राहू दे हिला मग. सुमी येईपर्यंत राहू दे."

आणि तिने पाळकीणबाईंचा हात पुन्हा धरून दाबला. पाळकीणबाईंनी नुसताच पुढचा हात दाबला, त्याने त्याच्या पुढचा, आणि साखळी एक शब्द न बोलता सगळ्या खोलीतून फिरून संपली.

लोकांनी सरबत घेतलं. कुणी माझ्या पाठीवरून हात फिरवला, कुणी नजर चुकवली. रूथबाई थांबल्या ग्लास विसळायला. मोरीत वाकून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, मी पण आज घरी जाऊन असंच बोलणार आहे त्याच्याशी, माझंही बरंच साठलंय. मग त्यांनी ग्लास पालथे घातले आणि त्या गाडीच्या वेळेला गेल्या.

त्यानंतर काही चमत्कार झाला नाही. चमत्कार झाला असता तर मी मंडळीपुढे साक्ष द्यायला उभी राहिले असते, तीही खणखणीत आवाजात. आईने मला कधीच ओळखलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारलं, बाई, तुमी कुठल्या गं? फरक पडला तो एवढाच की मला घालवून देण्याची मागणी बंद झाली. चपलेची, मिठाची तक्रार चालू राहिली. आणि मी अर्ज करणं सोडलं. मायना नाही, नम्र नाही. मशीन चालवता चालवता तोंडाचा पट्टा सुरू. काल रात्री तीनदा उठवलंस, आज तरी झोपू दे. सुई मोडली, बघतोयस ना? पलंगावरून आई पण तिचं सांगत असायची. दोघींची बोलणी एकाच वेळी चालायची, आणि कधी कधी ती आपलं थांबवून म्हणायची, देवा, आधी त्या बाईचं ऐक, ती लई वैतागलीय. मला तेव्हा हसू यायचं, आणि हसल्यावर पुन्हा राग यायचा. त्याने तेव्हाही उत्तर दिलं नाही. मी शांत बसत नाही हे खरंच आहे. पण अर्ज करत होते तेव्हा मला त्याचा राग आला तरी सांगता येत नव्हता. आता येतो.

भातलावणीच्या दिवसांत आई गेली. शेवटच्या दुपारी तिने पेज घेतली, अळणी आहे म्हणाली, सुमी आली का विचारलं. मी म्हटलं, आली. ती म्हणाली, मग सांग तिला, हातपाय धुऊन घे. मी मोरीत जाऊन हातपाय धुतले. परत आले तर तिला झोप लागली होती, त्या झोपेतून ती उठली नाही.

लोक मला विचारतात, आता जमली का गं देवाशी मैत्री? पाळकसाहेबांनीही विचारलं. काय सांगू? बोलणं चालू आहे, एवढंच सांगते. ह्याला मैत्री म्हणतात की तंटा, ते त्याने ठरवावं. ह्या वर्षी आमच्या घरची पाळी पुढच्या आठवड्यात आहे. साखळी माझ्यापाशी आली की आता ती पळत नाही, रूथबाईंनी त्या वर्षी तक्रार केली होती तशी. बाकीच्यांसारखं मला मागता येत नाही, पाऊसपाणी, आरोग्य, मुलांच्या परीक्षा. माझं एकच असतं, आणि ते मी रोज विचारते, कटिंगच्या टेबलापाशी, धुराने डोळे चुरचुरत असताना.

तेव्हा नाही सांगितलंस, ठीक आहे. मी अजून रागावलेली आहे, पण ठीक आहे. आता ती तुझ्याकडे आहे. आता तरी सांगितलंस का तिला, ती बाई कोण होती?